घाटावरच्या माणसानें बेट कां पाहावें?

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुटी लागली, कीं बारामती-इंदापुराकडच्या घराघरांत प्रवासाचा विषय निघतो. कोणी पंढरपुराचें नांव काढतो, कोणी महाबळेश्वराचें. वडील माणसांना मोरगांव-जेजुरीची ओढ असते आणि मुलांना मुंबईची. क्वचित् एखाद्या घरांतून अलिबागेस किंवा गणपतिपुळ्यास जाऊन समुद्र पाहून येण्याचा बेत ठरतो. परंतु केवळ एखादें बेट पाहण्यासाठीं चार दिवस काढावे, हा विचार या भागांत अजून फारसा रुजलेला नाहीं. "चहूंकडे पाणी आणि मध्यें ओंजळभर जमीन, तेथें जाऊन पाहावयाचें काय?" असें घरांतील कर्तें माणूस विचारतें, आणि बेत तेथेंच मोडतो.

हा प्रश्न अगदींच अडाणीपणाचा आहे असें नव्हे. घराला कुलूप लावून, लांबचा प्रवास करून आणि पैसा खर्चून जेथें जावयाचें, तेथें कांहीं तरी पदरांत पडलें पाहिजे, हा हिशेब संसारी माणसाला शोभणाराच आहे. त्याच हिशेबानें बेटाकडे पाहिलें तर पदरांत काय पडतें, हें श्रोत्यांपुढें मांडणें एवढाच या भाषणाचा हेतु आहे. समुद्राच्या सौंदर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्याची पुनरुक्ति येथें करण्याचें कारण नाहीं. घाटावरच्या, आणि त्यांतही कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या मुलखांतील माणसाला बेटावर जाण्याचें एक निराळेंच प्रयोजन आहे, आणि तें केवळ मनोरंजनाचें नाहीं.

प्रथम या मुलखाची स्थिति ध्यानांत घ्यावी. बारामती गांव कऱ्हेच्या कांठीं वसलेलें आहे. येथें वर्षाचा पाऊस सरासरीनें वीस इंचांच्या आसपास. पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांचा मोठा वांटा कोंकण आणि सह्याद्रि आधींच काढून घेतात. मालवणच्या किनाऱ्यावर बारामतीच्या चौपट-पांचपट पाऊस पडतो. पश्चिम समुद्र येथून सरळ रेषेंत दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक दूर आहे. पण या भागांतला पाण्याचा थेंब तिकडे जात नाहीं. कऱ्हा नीरेस मिळते, नीरा नरसिंहपुराजवळ भीमेंत शिरते, भीमा कृष्णेंत जाते आणि कृष्णा तें पाणी थेट बंगालच्या उपसागरास नेऊन घालते. जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून दूरच्या समुद्राकडे चालत राहणें ही येथील नद्यांची रीत आहे, आणि माणसांनींही पुष्कळ काळ तीच गिरवली.

तरी बेट हा प्रकार इंदापूरकरांना अगदीं परका नाहीं. भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां जीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांत पळसदेव होतें. तेथील पळसनाथाचें जुनें मंदिर एरवीं जलाशयांत बुडालेलें असतें. पाणी फार खालीं गेलें म्हणजे तें हळूहळू डोकें वर काढतें, आणि कांहीं काळ खरोखर एखाद्या बेटासारखें उभें राहतें. त्या सुमारास तेथें माणसांची रीघ लागते. चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात, ही व्याख्या मुलांनीं भूगोलाच्या तासाला पाठ केलेली असते. परंतु व्याख्या पाठ असणें निराळें आणि चारी बाजूंना वळून वळून पाणीच दिसणें निराळें. 'जंजिरा' हा शब्द मराठींत रूढ झाला तो अरबी 'जझीरा' म्हणजे बेट या शब्दावरून. मराठी माणसानें बेट आणि किल्ला यांना एकाच नांवानें हांक मारली. कारण त्याच्या लेखीं समुद्रांतील बेट हें राहण्याचें स्थान नसून राखण्याचें स्थान होतें.

समुद्राविषयींचा दुरावा केवळ भूगोलानें उत्पन्न झालेला नाहीं. समुद्रगमन हें एके काळीं प्रायश्चित्तास पात्र समजलें जाई. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना स्वकीयांचा केवढा विरोध सोसावा लागला हें सर्वश्रुत आहे. त्याच सुमारास 'काळें पाणी' या दोन शब्दांनीं अंदमानची दहशत घरोघर पोंचली होती. पोर्ट ब्लेअर येथील सेल्युलर जेल १९०६ सालीं बांधून पुरें झालें, आणि पुढें बाबाराव व विनायकराव या सावरकर बंधूंनीं तेथें वर्षानुवर्षें कोठडी भोगली. ज्या बेटाचें नांव ऐकून माउल्या रडत, त्याच बेटावर आज मराठी कुटुंबें तिकिटें काढून जातात, कोठड्यांपुढें क्षणभर मुकाट उभीं राहतात आणि संध्याकाळीं किनाऱ्यावर मुलांना खेळवतात. पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ सालीं श्रीविजयपुरम् झालें. शिक्षेचें स्थान विश्रांतीचें स्थान व्हावें, हा काळाचा केवढा पालट! मात्र त्या किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांना ती कोठडी आधीं दाखवावी, मग वाळू दाखवावी. म्हणजे वाळूची किंमतही त्यांना अधिक कळेल.

हा दुरावा मोडणाऱ्यांत ज्यांचें नांव इंदापूर तालुक्याशीं कायमचें जोडलेलें आहे, असे एक गृहस्थ होऊन गेले. शेठ वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे, म्हणजे समुद्रापासून आणखीच दूरचे. त्यांच्या सहभागानें उभ्या राहिलेल्या सिंदिया कंपनीचें 'लॉयल्टी' हें जहाज ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनला निघालें. त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्याच वालचंदांनीं १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत कळंब येथें साखर कारखाना उभारला, आणि त्यांच्याच नांवाचें वालचंदनगर तेथें वसलें. उंसाच्या फडांत आणि बोटीच्या डेकवर एकाच माणसाचें चित्त सारखें रमूं शकतें, याचें याहून जवळचें उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

असो. आतां बेटावर जाण्याचीं कारणें एकेक करून पाहूं गेल्यास पहिलें कारण विश्रांतीचें येतें. डोंगरावरच्या हवेच्या ठिकाणीं जाणारा माणूस बहुधा हातांत एक यादी घेऊन जातो. हें टोक पाहावयाचें, तो धबधबा पाहावयाचा, सूर्यास्त अमक्या ठिकाणाहून पाहावयाचा. यादी संपते तेव्हां सुटीही संपलेली असते, आणि माणूस घरीं येतो तो अधिकच थकून. बेटावर यादी करण्याची सोयच नसते. तटावरून एक फेरी मारली, देवळांत दर्शन घेतलें, विहिरींत वांकून पाहिलें, कीं पाहण्यासारखें संपलें. पुढें जावयास वाट नाहीं. जेथें पाऊल टाकावें तेथें पाणी. मग माणूस निरुपायानें बसतो, आणि बसल्यावर हळूहळू त्याच्या लक्षांत येतें कीं गेल्या कित्येक महिन्यांत आपण असे बसलोंच नव्हतों. शिवाय हिंवाळ्यांत घाटावर पहाटे अंग काकडतें आणि दुपारीं ऊन लागतें. समुद्र सावकाश तापतो व सावकाश निवतो, म्हणून किनाऱ्यावर आणि बेटावर दिवसाच्या व रात्रीच्या हवेंत फरक थोडा. घरांतील वृद्धांना ही समशीतोष्ण हवा मानवते.

दुसरें कारण असें, कीं बेट माणसाला घड्याळाखेरीज दुसरें एक वेळापत्रक शिकवतें. समुद्राला दिवसांतून दोन वेळां भरती येते व दोन वेळां ओहोटी लागते, आणि प्रत्येक भरती आदल्या दिवसापेक्षां सुमारें पाऊण तासानें उशिरा येते. कारण चंद्र रोज तितकाच मागें पडतो. यावरून किनाऱ्यावरच्या लोकांनीं एक सुटसुटीत गणित बसविलें आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे ढोबळ मानानें त्या दिवशींच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजतां, अष्टमी असेल तर सहा वाजतां. आणि तेथून सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य-चंद्रांचीं आकर्षणें एकत्र होतात, म्हणून पाणी फार चढतें आणि फार उतरतें; त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो. ती भांगाची भरती. ज्या घरांत भिंतीवर तिथींचें कॅलेंडर टांगलेलें आहे, तेथील दहा वर्षांचें मूलही हें गणित करूं शकतें. अलिबागेस कुलाब्याच्या किल्ल्यावर ओहोटीच्या वेळीं चालत जातां येतें आणि भरतीच्या वेळीं होडीनेंच परतावें लागतें. मुलानें आदल्या रात्रीं काढलेलें उत्तर दुसऱ्या दिवशीं समुद्रानें खरें करून दाखविलें, म्हणजे गणित आणि पंचांग या दोहोंविषयींही त्याची जी बुद्धि पालटते, ती वर्गांतल्या शंभर उदाहरणांनीं पालटत नाहीं.

तिसरें कारण इतिहासाचें. मालवणच्या समोर कुरटे नांवाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्ग बांधला. काम १६६४ च्या नोव्हेंबरांत सुरू झालें आणि सुमारें तीन वर्षांत पुरें झालें. किल्ल्याचा विस्तार अठ्ठेचाळीस एकरांचा; तट नागमोडी वळणांचा, रुंद आणि सुमारें तीस फूट उंच. बांधणीवर देखरेख हिरोजी इंदुलकर यांची. पुढें राजाराम महाराजांनीं किल्ल्यांत शिवराजेश्वराचें मंदिर उभारलें, आणि तटांत जपून ठेवलेले हातापायांचे ठसे महाराजांचे म्हणून आजही दाखविले जातात. हा सर्व वृत्तांत पुस्तकांतून वाचावयास मिळतो; परंतु बारामती-इंदापूरकरांनीं त्यांतली एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. सुपें आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरींतले. म्हणजे ज्या घराण्याचा संसार या कोरड्या मुलखाच्या उत्पन्नावर उभा राहिला, त्याच घराण्यांतल्या पुरुषानें समुद्रांत दुर्ग बांधावा असें मनांत आणलें. शिवनेरीवर जन्मलेल्या आणि पुण्यास वाढलेल्या माणसाला समुद्राचें मर्म कळलें. त्यासाठीं किनाऱ्यावर जन्मावें लागतें असें नाहीं, तेथवर जाऊन डोळे उघडे ठेवावे लागतात.

आतां चवथें आणि सर्वांत महत्त्वाचें कारण. सिंधुदुर्गांत तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तटाच्या पलीकडे लाटा आपटत असतात, ओंजळींत घेतलें तर तोंड वांकडें करावयास लावणारें खारें पाणी चारी दिशांना पसरलेलें असतें, आणि या विहिरींतलें पाणी मात्र गोडें. जंजिऱ्याच्या किल्ल्यांतही गोड्या पाण्याचीं दोन तळीं आहेत. पाहणारा चकित होतो, कोणी त्याला चमत्कार म्हणतो. परंतु बेटावर ना नदी येते ना कालवा. तेथें गोडें पाणी येण्याचा मार्ग एकच, तो आकाशांतून. चार महिन्यांत जें पडलें तें जिरवावें, सांठवावें आणि उरलेले आठ महिने पुरवून वापरावें, एवढाच तो चमत्कार आहे. ज्यांनीं त्या विहिरींना दूध, दहीं, साखर अशीं नांवें दिलीं, त्यांना पाण्याची किंमत कळली होती यांत शंका नाहीं.

हा प्रकार अधिक स्पष्टपणें पाहावयाचा तर लक्षद्वीपाकडे वळावें. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, अरबी समुद्रांत विखुरलेलीं हीं छत्तीस बेटें. सर्वांची मिळून जमीन सुमारें बत्तीस चौरस किलोमीटर, आणि वस्ती फक्त दहा बेटांवर. हीं बेटें पोंवळ्यांच्या चुऱ्याचीं, म्हणून त्यांची जमीन चाळणीसारखी. पावसाचें पाणी वाळूंतून खालीं मुरतें. परंतु खालीं समुद्राचें खारें पाणी आधींच शिरलेलें असतें. गोडें पाणी हलकें, खारें जड. त्यामुळें गोडें पाणी त्या खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसें तरंगत राहतें. शास्त्रज्ञांनीं याचें प्रमाणही काढलें आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षां एक फूट उंच असेल, तर त्याच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. हें ऐकून आनंद वाटेल. पण या प्रमाणाची दुसरी बाजूही आहे. वरून एक फूट पातळी उतरविली, तर खालून खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं शकतें. एखाद्यानें आपल्या विहिरीवर मोठा पंप बसवून भरमसाट उपसा केला, तर त्याची विहीर खारी होतेच, पण शेजाऱ्याचीही होते. कारण साय एकच आहे. लोकवस्ती वाढल्यावर हें पाणी पुरेना, म्हणून कवरत्ती बेटावर २००५ सालीं समुद्राचें पाणी गोडें करण्याचा कारखाना उभारावा लागला.

हें सारें ऐकून बारामतीकर म्हणेल, "यांत आमचा काय संबंध? आमच्या विहिरीखालीं समुद्र नाहीं." समुद्र नाहीं हें खरें, परंतु मीठ आहे.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि त्याच्या पाण्यानें बारामती-इंदापूरच्या काळ्या जमिनींचें भाग्य उजळलें. जेथें ज्वारी-बाजरीच्या पलीकडे पीक नव्हतें, तेथें ऊंस डोलूं लागला. मात्र एका पिढीच्या आंतच कांहीं शेतांवर पांढरा फुलोरा दिसूं लागला. शेतीशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास करून तो १९१० सालींच प्रसिद्ध केला, म्हणजे हें दुखणें आजचें नव्हे. त्याची तऱ्हा समजण्यास सोपी आहे. काळी जमीन पाणी धरून ठेवते, लवकर निचरूं देत नाहीं. पिकाला लागतें त्याहून अधिक पाणी दिलें, म्हणजे उरलेलें खालीं सांचत जातें आणि भूगर्भांतील पाण्याची पातळी वर येते. तें पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चढतें. वर आल्यावर ऊन त्यांतलें पाणी उडवून नेतें आणि विरघळलेले क्षार तेथेंच ठेवतें. वर्षानुवर्षें असें झालें, कीं जमीन क्षारपड होते. सोडियमचा अंश फार वाढला तर ती चोपण होते, म्हणजे ओली असतां चिकट आणि वाळली असतां दगडासारखी. मग तेथें ऊंस पिवळा पडतो, पुढें उगवतच नाहीं, आणि आजोबांनीं बागायत म्हणून मिरवलेला तुकडा नातू कोणी घेईल काय म्हणून विचारीत हिंडतो.

लक्षद्वीपच्या विहिरींत मीठ वर येतें तें फार उपसल्यामुळें. नीरेच्या खोऱ्यांत मीठ वर येतें तें फार भरल्यामुळें. कारणें उलट, पण चूक एकच: माप विसरणें. बेटावरच्या माणसाला ही चूक फार दिवस करतां येत नाहीं. कारण त्याचा सारा संसार एका दृष्टिक्षेपांत मावतो आणि चुकीचें फळ त्याच हंगामांत त्याच्या तोंडांत पडतें. घाटावरच्या माणसाला मात्र ती पिढीभर करतां येते. कालवा दुरून येतो, धरण त्याहून दूर असतें, मीठ जमिनीच्या पोटांत असतें. कांहींच डोळ्यांसमोर नसतें. बारामती तालुक्यांतच पाहावें. कालव्याच्या लाभांतल्या कांहीं शेतांना पाणी अधिक होऊन मीठ फुटतें, आणि त्याच तालुक्याच्या सुपें-मोरगांवकडच्या जिराईत पट्ट्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं उन्हाळाभर चिंता. एकाच बेटावर असें घडतें, तर लोकांनीं त्याच रात्रीं एकत्र बसून पाण्याची वांटणी केली असती. तालुका हें बेट नाहीं असें वाटतें म्हणूनच हें चालतें.

या दुखण्यावर उपाय नाहींत असें नाहीं. निचऱ्यासाठीं चर खणणें, जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालणें, चोपण जमिनींत जिप्सम मिसळणें, पाट मोकळा सोडण्याऐवजीं ठिबकानें मोजून पाणी देणें, हे सर्व उपाय ज्ञात आहेत; आणि अशा संकटांच्या संशोधनासाठीं बारामतीजवळ माळेगांव येथें २००९ पासून एक राष्ट्रीय संस्थाही काम करीत आहे. उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे, तर प्रत्ययाची. शहरांत राहणारीं, गांवीं दोन-चार एकर ऊंस असणारीं आणि तो वांट्यानें लावून देणारीं जीं सुशिक्षित घरें या भागांत पुष्कळ आहेत, त्यांना हा प्रत्यय विशेष हवा. कारण शेताला पाणी किती दिलें हें तीं कधीं विचारीत नाहींत. टनेज किती आलें एवढेंच विचारतात.

येथें कोणी आक्षेप घेईल, कीं हें शिकण्यासाठीं बेटावर कशाला जावें? गांवच्या शेतावर फेरी मारली तरी पुरे. आक्षेप रास्त आहे. पण जी वस्तु रोज डोळ्यांसमोर असते तीच दिसेनाशी होते, हाही माणसाचा स्वभाव आहे. बेट ही मर्यादेची आकृति आहे. येथें जमीन संपली, येथें गोडें पाणी संपलें, शेवटची होडी सुटली म्हणजे वेळ संपली, हें तेथें पायांनीं आणि डोळ्यांनीं कळतें. दूधबावेंत वांकून पाहिलेल्या मुलाला घरीं परतल्यावर नळाची तोटी उघडी टाकतांना क्षणभर तरी संकोच वाटेल, आणि त्याच्या वडिलांना आपल्या विहिरीच्या पाण्याची परीक्षा करून घ्यावी असें सुचेल. एवढें झालें तरी प्रवासखर्च वसूल झाला म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र जाणाऱ्यानें कांहीं गोष्टी जपाव्या. पहिली, समुद्राचें पाणी म्हणजे कालव्याचें किंवा विहिरीचें पाणी नव्हे. विहिरींत पट्टीचा पोहणाराही ओहोटीच्या ओढींत फसतो. २०१६ च्या फेब्रुवारींत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले दहांहून अधिक विद्यार्थी एकाच दुपारीं बुडाले. ते सारे घाटावरून आलेले होते, एवढें स्मरणांत ठेवावें. स्थानिक कोळी जेथें उतरूं नका म्हणतो, तेथें उतरूं नये. दुसरी गोष्ट, बेटाचें पाणी तेथील रहिवाशांच्या तोंडचें असतें. पाहुण्यानें तें घरच्यासारखें उधळूं नये. तिसरी, बरोबर नेलेल्या बाटल्या आणि वेष्टनें परत आणावीं. बेटावर टाकलेला कचरा नेण्यास नदी येत नाहीं, तो शेवटीं समुद्रांत जातो. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, तेथें पोंवळीं आहेत. त्यांवर पाय देऊं नये आणि आठवण म्हणून तुकडा खिशांत घालूं नये.

बेत आंखण्याविषयीं थोडेंसें. पहिल्या खेपेस मालवण पुरे आहे. बारामतीहून फलटण, सातारा, कोल्हापूर आणि पुढें फोंडाघाटानें उतरून कणकवलीमार्गें तेथें जातां येतें. मुक्काम गांवांत करावा आणि दिवस बेटावर घालवावा. पावसाळ्यांत किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि मे महिन्यांत उकाडा फार. म्हणून मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. पौर्णिमेला जोडून दिवस धरले, तर भरती-ओहोटींतलें अंतर पुरतें पाहावयास मिळतें. मासे न खाणाऱ्यांनींही बिचकण्याचें कारण नाहीं. घावणे, उसळी आणि सोलकढी यांवर चार दिवस सुखानें निघतात. ज्यांच्याजवळ दोनच दिवस आहेत त्यांना कुलाबा किंवा जंजिरा जवळ पडेल. ज्यांची ऐपत आहे त्यांनीं पुढें अंदमान किंवा लक्षद्वीप पाहावें. लक्षद्वीपास जाण्यासाठीं आधीं परवाना काढावा लागतो, हें ध्यानांत ठेवून तयारी लवकर करावी.

सारांश, बेटावरची सुटी ही चैन आहे असें समजून ती टाळूं नये, आणि चैन म्हणूनच ती करूंही नये. तेथें शरीराला विश्रांति मिळते, मुलांना चंद्राचें गणित उमगतें, पूर्वजांची दूरदृष्टि प्रत्यक्ष दिसते. आणि या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे गोडें पाणी ही मोजकी ठेव आहे, हें कोणी न सांगतां कळतें. ज्या मुलखाचें सारें वैभव एका कालव्याच्या पाण्यावर उभें आहे, त्या मुलखांतील माणसांना ही एक गोष्ट उमजली, तर त्यांच्या नातवंडांच्या वांट्याला येणारी जमीन काळीच राहील, पांढरी होणार नाहीं.